पळस, संत्र आणि होळीचं पातेलं: महिन्याभराचं काम

गेल्या महिनाभरात तैलरंगात नऊ बोर्ड रंगवायला घेतले. सगळे 10 × 12 इंची, एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे), वर जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन हात. त्यातले चार खरवडून पुसले, तीन बरे आहेत, आणि दोन असे झालेत की सकाळी उठल्यावर आधी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहते. विषय एकच होता, पळस. नागपूरच्या आसपास राहणाऱ्यांना फाल्गुनात दुसरं काही सुचत असेल असं मला वाटत नाही.

सुरुवात रामटेकच्या रस्त्यावर केली. सकाळी साडेसातला शेताच्या बांधावर स्टँड लावला आणि अख्खं झाड रंगवायला घेतलं. दोन तासांनी बोर्डावर काय होतं? करड्या फांद्यांवर नारिंगी ठिपके. रंग सगळा ट्यूबमधला, कडक, आणि तरी विझलेला. घरी येऊन फोटोशी ताडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की झाडावर जेवढं शेंदरी होतं तेवढंच काळंही होतं. पळसाच्या प्रत्येक फुलाच्या बुडाशी निदल, म्हणजे फुलाची बाहेरची वाटी, असतं, काळपट हिरवं-तपकिरी, मखमलीसारखं, आणि कळ्या तर बहुतेक काळ्याच दिसतात. तो काळा मी खाल्ला होता. त्याच्याशिवाय शेंदरी पेटत नाही.

मग झाड सोडलं आणि फूल धरलं. फांदी मी तोडत नाही. झाडाखाली पहाटे पडलेली ताजी फुलं मिळतात, खारी आणि पाखरं पुष्कळ पाडतात. ओंजळभर फुलं आणून स्टीलच्या तांब्याशेजारी ओट्यावर ठेवली. तिथे आईने मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुलून आता पिकलेली, संत्री ठेवलेली होती. ती हलवायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. दोन्ही ‘ऑरेंज’ म्हणायचे, आणि शेजारी ठेवल्यावर एकमेकांचे कोणी लागत नव्हते! संत्र पिवळ्याकडे झुकतं, पळस लालाकडे. आपल्या भाषेने हे कधीच वेगळं करून ठेवलंय: संत्र नारिंगी, पळस शेंदरी. मी मात्र दोघांसाठी एकच ट्यूब पिळत होते.

या जोडीवर तीन बोर्ड गेले आणि सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळालं. संत्र्यासाठी कॅडमियम येलो डीप, त्यात किंचित ऑरेंज. सावलीत बर्न्ट सिएना आणि अगदी थोडा अल्ट्रामरीन. पळसासाठी कॅडमियम रेड लाइट आणि ऑरेंज, सावलीत अलिझरिन. पांढरा दोन्हीकडे वर्ज्य. उजेड दाखवायचा म्हणून शेंदरीत टायटॅनियम व्हाइट घातला की रंग पिठूळ होतो, थंड पडतो. उजेडाकडे जाताना पिवळ्याची वाट धरायची. ट्यूबवर ‘ह्यू’ लिहिलं असेल तर त्यात खरं कॅडमियम नसतं, हेही सांगून ठेवते. सरावाला तो रंग चालतो, पण माझ्याकडच्या दोन ट्यूब शेजारी पिळून पाहिल्या तेव्हा झाकणशक्तीतला फरक लगेच दिसला.

पण रंगापेक्षा मोठा फरक कातडीचा निघाला. संत्र्याच्या सालीला चकाकी आहे. खिडकीचा उजेड तिच्यावर एका ठिपक्यात गोळा होतो आणि सालीवरच्या बारीक खळग्यांमुळे त्या ठिपक्याच्या कडा फुटतात. पळसाच्या पाकळीला बाहेरून रेशमी, रुपेरी लव असते. तिच्यावर उजेड गोळा होत नाही, नुसता पसरतो. म्हणून पळसावर ठिपका द्यायचा नाही. वाकलेली पाकळी, जी पोपटाच्या चोचीसारखी दिसते, तिच्या पाठीवरून मी सहा नंबरच्या फिल्बर्टने (गोलसर टोकाच्या चपट्या ब्रशने) करडी छटा कोरडीच अलगद ओढली, खालचा शेंदरी अर्धा दिसेल इतकीच. तीन पुसल्यानंतर चौथ्या फुलाला ती लव आली.

दुपारी आई आत आली, उभ्याउभ्या पाहिलं आणि म्हणाली, “अगं, तांब्या कुठे पळून राहिला का? फूल सुकून राहिलं, ते कर ना आधी.” तिचं अगदी बरोबर होतं. मी पार्श्वभूमी, मग तांब्या, मग फूल अशा शिस्तीने जात होते. फुलाजवळ फार तर दोन तास असतात, नंतर पाकळी लुळी पडते आणि शेंदरी तपकिरीकडे वळतो. त्या दिवसापासून क्रम उलटा केला: कोऱ्या बोर्डावर आधी फूल, एका बैठकीत, ओल्या रंगातच ओला रंग. तांब्या, ओटा, भिंत दुसऱ्या दिवशी. फ्रेंच चित्रकार एदुआर्द माने 1882-83 मध्ये आजारी असताना मित्रांनी आणलेल्या फुलांची छोटी छोटी तैलचित्रं करत होता. त्या फटकाऱ्यांमधली घाई मला आधी नुसती शैली वाटायची. आता वाटतं, फुलदाणीतली फुलं सुकायच्या आत त्याला ती गाठायची असणार.

आता होळीची गोष्ट. आई दरवर्षी पळसाची फुलं पातेल्यात उकळून धुळवडीचा रंग करते. यंदा मी शेजारी उभी होते. पाणी लाल होईल असंच इतकी वर्षं मनात होतं, कारण फूल तसं दिसतं. पाणी झालं पिवळं, मग गडद केशरी. दोन पळ्या पांढऱ्या वाटीत घेऊन खिडकीत धरलं तर आतून नुसता पिवळा उजेड! मी ती वाटी तशीच खोलीत नेली आणि अर्धवट राहिलेल्या बोर्डाशेजारी ठेवली. माझा पळस वरून खालपर्यंत लालच लाल होता, त्याच्या पोटात पिवळं नव्हतंच.

त्यानंतर चार नवीन बोर्डांवर, फुलं जिथे येणार त्या जागी, इंडियन येलो टर्पेंटाइनमध्ये पातळ करून हात देऊन ठेवला. पाच दिवसांनी बोटाला लागेनासा झाला. त्यावर ताजं फूल समोर ठेवून शेंदरी चढवला, थोड्या जवसाच्या तेलात, आणि काही ठिकाणी ब्रश मुद्दाम कमी दाबला. खालचा पिवळा झिरपून वर आला. ज्या दोन बोर्डांबद्दल वर लिहिलंय ते हेच. नियम जुनाच आहे: खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, नाहीतर पुढे तडे जातात. घाई असेल तर खालचा पिवळा हात अॅक्रिलिकचा दिला तरी चालतो, फक्त तेलावर अॅक्रिलिक कधी चढवू नका.

वाळण्याबद्दल दोन शब्द, कारण उन्हाळा लागला की हा प्रश्न येतोच. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे उष्णतेने काम लवकर होतं, पण अंबर हा तपकिरी रंग दोन दिवसांत वाळतो आणि कॅडमियम, अलिझरिन रेंगाळतात, हा भेद तसाच राहतो. या आठवड्यात आमच्याकडे कूलर लागला. त्याच्या झोतात ओला बोर्ड ठेवला आणि सकाळी शेंदरीवर खसाची काडी आणि धूळ बसलेली. चिमट्याने काढली, खड्डा राहिला, तो भाग खरवडून पुन्हा केला. आता ओले बोर्ड कपाटावर, भिंतीकडे तोंड करून, तिरके ठेवते. आणि जवसाच्या तेलाने माखलेल्या, बोळे करून टाकलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, नागपूरच्या उन्हात तर मुळीच विसरू नका. मी त्या पाण्यात भिजवून, पसरून वाळवते आणि मगच टाकते.

गेल्या रविवारी पुन्हा त्याच बांधावर गेले. झाडाला तीन-तीनची कोवळी, पोपटी-तांबूस पानं फुटू लागली आहेत, खाली वाळलेल्या फुलांचा सडा आहे. एकच ताजं फूल मिळालं. ते घरी आणलं तेव्हा आई गच्चीवर जुन्या सुती साडीवर कुरडया घालत होती. पांढऱ्यावर पांढरं, सावल्या निळसर-जांभळ्या, सकाळचं ऊन पिवळं. फूल साडीच्या कडेला ठेवलं आणि गच्चीवरच बसले. तो नववा बोर्ड. फूल झालंय, कुरडया अर्ध्या राहिल्यात. साडीच्या पांढऱ्यात किती निळा आणि किती जांभळा, ते अजून जुळत नाहीये. कोणी पांढऱ्यावर पांढरं केलं असेल तर सावलीला काय वापरलं ते नक्की सांगा. आई म्हणाली, उद्या सकाळी उरलेला चीक संपवायचा आहे, साडेसातला वर ये.