बेगमीतली माती

12 जून
काल रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. सकाळी पडवीत गळतीखाली ठेवलेली भांडी रिकामी करून आत गेले, तर रोझी, आमची पाळलेली टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, काचेच्या पेटीच्या तळाला पाण्याच्या पणतीवर कलंडलेली. पोटाच्या डाव्या अंगाला केसांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी चीर, तिच्यावर पाण्यासारखा एक थेंब. बॅटरीचा उजेड धरला तेव्हा थेंबात निळसर झाक दिसली. आपल्या रक्तात लोह, तसं कोळ्यांच्या रक्तात तांबं असतं, त्यामुळे ते निळसर दिसतं. हे वाचून ठाऊक होतं. तिचं रक्त असं बघायची वेळ मात्र येऊ नये असंच वाटायचं.

चूक माझी. संध्याकाळी खिडकीची एक फळी उघडी राहिली आणि पावसाची झड थेट पेटीवर आली. रोझी चिलीची, गुलाबी केसांच्या जातीची टॅरंटुला. हिचे भाईबंद तिकडे कोरड्या माळावर, आटाकामाच्या वाळवंटाच्या कडेला बिळं करून राहतात. ओली माती तिला सोसत नाही. पायाखाली ओल लागली की ती काच चढते. तरणी होती तेव्हा चढायची आणि उतरायचीही. आता पायांच्या तळव्यांचे केस झिजलेत, काचेवर पकड राहत नाही. पोट जड आणि त्यावरची कातडी पातळ, हातभर उंचीवरून पडली तरी फुटते.

मुलगा जहाजावर, त्याला निरोप धाडला पण उत्तराची वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्याचा चित्रकलेचा बारीक ब्रश शोधला, कॉर्नफ्लोअरमध्ये बुडवला आणि चिरेवर हळूहळू पीठ टेकवत राहिले. पहिलं पीठ भिजून गेलं, दुसरंही. तिसऱ्या वेळी पांढरी खपली धरली. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, गाय असती तर आत्ता निघालो असतो. रक्त थांबलंय ना? मग आता हात लावू नका."

हात लावला नाही, पण माती बदलणं भागच होतं. मे महिन्यात आम्ही सुकी मासळी, कोकमं, लाकडं भरून ठेवतो तेव्हा मी एक डबा तिच्यासाठीही भरते: गच्चीवर कडकडीत वाळवलेली तांबडी माती आणि नारळाच्या सोडणांच्या काथ्याचा भुसा. गेली कित्येक वर्षं हा डबा आमच्या बेगमीत असतो. त्यातली निम्मी माती आज लागली. ती पसरली अगदी दोन बोटं, म्हणजे पुन्हा चढली तरी पडायला उंची नको, आणि पेटीही आडवी केली.

संध्याकाळी पाय अजून आखडलेलेच. टॅरंटुलाला पाय आत ओढायला स्नायू असतात, पण काही मुख्य सांधे उलगडायला स्नायू नसतात, तिथे अंगातल्या रक्ताचा दाबच पाय लांब करतो. रक्त गेलं की दाब जातो आणि पाय मिटत जातात. म्हणून तिला पाणी हवं होतं. बाटलीचं टोपण काठोकाठ भरून तिच्या तोंडाशी सरकवलं. पोट पाण्यात जाणार नाही याची काळजी घेतली, कारण श्वासाची दारं पोटाखाली असतात. कंदिलाच्या उजेडात पाऊण तास बसले. मग पुढचे दोन पाय टोपणाच्या काठावर आले आणि तोंड पाण्याला टेकलं. ती तशीच राहिली, खूप वेळ.

13 जून
पाणी पितेय. खपली कोरडी. सासूबाईंनी उठल्या उठल्या विचारलं, "पाणी दिलंस काय गो तिका?"

याच सासूबाई 2007 साली नातवाने मुंबईहून डब्यात घालून ही आणली तेव्हा आठ दिवस माजघरात यायच्या नाहीत. तेव्हा रोझी रुपयाच्या नाण्याएवढी होती. नातू शिकून जहाजावर गेला, ती राहिली. आता त्या तिला बाय म्हणतात.

18 जून
डाव्या बाजूचा तिसरा पाय सकाळी पेटीच्या कोपऱ्यात पडलेला दिसला. पडताना तोही दुखावला असणार. दुखावलेला पाय टॅरंटुला स्वतःच मुळाशी सोडून देते, तिथली जखम लगेच मिटते, म्हणजे अंगातलं पाणी वाया जात नाही. मी तो पाय चिमट्याने उचलून तळहातावर घेतला. वजन असं काहीच नाही. टोकाला दोन काळी नखं आणि त्यांच्याखाली मखमलीसारखी गादी, मधोमध झिजून पांढुरकी झालेली. याच तळव्याने ती काच चढायची.

परसात जास्वंदीच्या बुंध्याशी पुरला.

मुलाचा फोन आला. रडला नाही, पण दोन वेळा तेच विचारलं, "आई, ती चालते ना?" चालते रे. सात पायांवर, पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

6 जुलै
आषाढी. उपासाचा दिवस. रोझीचाही उपासच आहे, पण तिचा दोन महिन्यांचा. परसातले रातकिडे दोनदा सोडले, तिने ढुंकून पाहिलं नाही. दोन्ही वेळा काढून घेतले, कारण दुबळ्या कोळ्याला भुकेला रातकिडा चावतो. झुरळं मी इथली घालत नाही, शेजारीपाजारी कुणी औषध मारलं असेल सांगता येत नाही.

उपासाची काळजी नाही. या जातीच्या माद्या महिनोन् महिने न खाता राहतात. काळजी आहे ती पोटाच्या मागच्या टकलाची. तो भाग गेल्या आठवड्यापासून काळवंडत चाललाय, म्हणजे ती कात टाकण्याच्या बेतात आहे. गेली कात 2023 च्या थंडीत टाकली होती.

कात टाकली तर गेलेला पाय परत येईल, आधी बारीक, मग पुढच्या कातीला भरेल. पण चिरेवरची खपली जुन्या कातडीला चिकटलेली असेल तर कात सुटताना तीच जागा पुन्हा फाटू शकते. मला तो पाय यावा असं वाटतं, आणि तिने इतक्यात कात टाकू नये असंही वाटतं. तिला यातलं काही सांगता येत नाही.

मुलाने ऑस्ट्रेलियातल्या एका मादीची गोष्ट पाठवली. टॅरंटुलाच्याच नात्यातली, बिळाला झाकण करून राहणारी. 1974 पासून संशोधक तिच्या बिळावर नजर ठेवून होते, 2016 साली बीळ रिकामं सापडलं. 43 वर्षं. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मगे आमची बाय अजून पोर आसा."

24 जुलै
दिव्यांची अवस. समया, निरांजनं, कंदील सगळे घासून पाटावर मांडले. सासूबाईंनी सांगितलं म्हणून रोझीच्या खोलीतला कंदीलही त्यातच ठेवला.

दुपारी पाहिलं तर तिच्या लपायच्या करवंटीच्या तोंडासमोर तिने रेशमाची दाट चादर विणलेली. गेल्या कातीच्या आदल्या दिवशी अशीच विणली होती. पाण्याचं टोपण भरलं, रातकिड्यांची बरणी बाहेर पडवीत नेऊन ठेवली, खिडकीच्या दोन्ही फळ्या लावून कडी घातली. डब्यात अजून चार मुठी सुकी माती आहे.

रात्री साडेनऊला ती चादरीवर आली आणि हळूहळू पाठीवर वळली. सात पाय वर. सासूबाई दाराशी खुर्ची घेऊन बसल्यात. मी दिवा बारीक केलाय.