मोरीच्या पाण्यासाठी कर्दळीचा वाफा

कर्दळ सांडपाणी शुद्ध करते असं सर्रास सांगितलं जातं. खरं काम करतात ते वाफ्यात भरलेल्या खडीवर चिकट थर धरून बसलेले जिवाणू. साबण, खरकटं, अंगाचा मळ हे त्यांचं खाद्य. कर्दळ मुळांवाटे त्यांना थोडा प्राणवायू देते आणि नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) शोषते. म्हणून वाफ्याचं माप झाडांवरून नाही, पाण्याच्या मुक्कामावरून काढायचं.

चार माणसांच्या घरातून न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं मिळून रोज साधारण ३०० लिटर पाणी धरा. वाफा ४ मीटर लांब, १ मीटर रुंद. खडी ६० सेंटीमीटर, पाणी ५० सेंटीमीटरपर्यंत. खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते, म्हणजे ८०० लिटर पाणी मावतं आणि अडीच दिवसांहून जरा जास्त थांबतं. संडासाचं पाणी यात सोडू नये.

तळाला ४ सेंटीमीटर उतार देऊन शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा. दोन्ही टोकांना मुठीएवढे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची खडी. खडी धुऊनच टाका. क्रशरची भुकटी तळाशी बसली की पाण्याची वाट बंद होते. बाहेर पडणाऱ्या पाइपला फिरता एल्बो (काटकोनी जोड) लावा. तो खाली-वर केला की पातळी बदलते. कंद दीड-दीड फुटावर लावून पहिला महिनाभर पाणी खडीच्या पृष्ठभागालगत ठेवा, मग १० सेंटीमीटर खाली उतरवा. वर पाणी दिसलं नाही की डासही होत नाहीत.

वाफे तुंबतात ते बहुधा तेलाने. आधी १०० लिटरची टाकी हवीच. तिच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी (T आकाराचा जोड) बसवून त्याचा खालचा पाय पाण्यात अर्ध्यावर सोडा. तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो, मधलं पाणी पुढे जातं. तेलाची साय दर आठवड्याला काढा. ही टाकी वगळून पैसे वाचवणं फार महागात पडतं, कारण तुंबलेली खडी उपसून धुण्यावाचून गत्यंतर नसतं.

ब्लीच, ॲसिड, फिनाईल मोरीत ओतलं की जिवाणू मरतात आणि काही दिवस पाणी गढूळ येतं. फुलून गेलेले दांडे बुडापासून कापून वाफ्याबाहेर टाका. तिथेच कुजले तर शोषलेलं नत्र परत पाण्यात उतरतं. निघालेलं पाणी नारळ-केळीला द्या, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीला नको.