सावलीवरून

चपलेचा अंगठा तुटला तो नेमका मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता. कोपऱ्यावरच्या काकांनी चप्पल उलटीपालटी करून पाहिली आणि "हिची पण शिवण उसवलीय" म्हणत दुसरीही मागून घेतली. मी अनवाणी. त्यांच्या छत्रीखाली एकाच माणसाची जागा, ती त्यांची. उरली विजेच्या खांबाची सावली, वीतभर रुंद. तिच्यात पुढेमागे पावलं ठेवून उभा राहिलो आणि एकदम 'आयिरत्तिल ओरुवन' आठवला.

सेल्वराघवनचा तमिळ सिनेमा, 2010च्या पोंगलला आलेला. (त्याच नावाचा एमजीआरचा 1965 सालचा, तो वेगळा.) चोळांचं राज्य बुडताना, 1279 मध्ये, राजपुत्राला गुपचूप दूर धाडलेलं असतं. त्याचा माग काढायला गेलेला संशोधक बेपत्ता होतो आणि त्याला शोधायला एक मोहीम निघते. सामान वाहायला हमाल, त्यांचा म्होरक्या कार्ती. वाटेत चोळांनी पेरून ठेवलेली संकटं. त्यातलं एकच मला अजून झोपेत दिसतं. सूर्य ठरावीक जागी आला की वाळूवर नटराजाची सावली उमटते. पळायचं ते त्या सावलीवरून. बाहेर पाय पडला की वाळू गिळणार.

बघताना मी थिएटरात पाय वर घेतले होते. कारण हा खेळ मी खेळलोय.

आजोळच्या देवळाचं आवार काळ्या दगडी फरशीचं. चपला दाराशी. सभामंडपापासून विहिरीपर्यंत जायचं ते फक्त सावलीतून: आधी पिंपळाची फाटकी सावली, मग दीपमाळेची, मधे दोन हात रखरखीत ऊन. दीपमाळेची सावली विहिरीच्या काठाला टेकायला चार वाजायचे. तोवर आम्ही मंडपात ताटकळत. मामेभावाला धीर नसे. तो उन्हातून धावायचा, तळवे चोळत विहिरीवर बसायचा आणि वर आम्हालाच भित्रे म्हणायचा. नियमाप्रमाणे तो बाद असे. तसं त्याला सांगायची हिंमत कुणाची नव्हती.

खोड गेली नाही. सिग्नलला मी अजून शेजारच्या बसच्या सावलीत स्कूटर लावतो. बस हलली की चुकल्यासारखं होतं.

तंजावरलाही तेच. राजराजा चोळाने 1010 मध्ये पुरं केलेलं बृहदीश्वराचं देऊळ. गाईड सांगत होता, ह्या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. मी तेव्हा अनवाणी त्याच सावलीत उभा होतो, पाय गार पडले होते. बोललो नाही. मग भिंतीवरचा तो लांबच लांब मराठी शिलालेख पाहिला, सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास. इतक्या लांब येऊन अक्षर अन् अक्षर लागतंय म्हटल्यावर मी हरखलो, बोट फिरवत चार ओळी मोठ्याने वाचल्या.

सिनेमातल्या चोळांची आठवण तेव्हा झाली नाही, ती आज खांबाशी झाली. उत्तरार्धात तो सिनेमा भलताच विचित्र होतो, पुष्कळांना तो तिथेच नकोसा झाला. मला तोच आवडतो. गुहांमधून उपाशी, काळवंडलेली माणसं. त्यांचा राजा पार्थिबन. शतकानुशतकं एकच आशा, तंजावरहून दूत येईल आणि आपल्याला घरी नेईल. आता हा दूत मी असतो तर? पांड्य आले, नायक आले, मग आमचे व्यंकोजीराजे आले, 1855 मध्ये इंग्रजांनी तेही खालसा केलं, हे सगळं सांगता आलं असतं. पण महाराज, तुमच्या देवळाच्या भिंतीवर आम्ही आमच्या घराण्याची हकीकत कोरलीय, हे त्या माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं?

"झालं. चाळीस द्या," म्हणत काकांनी चपला पुढे टाकल्या. नेमक्या उन्हात.