पाटीवरचं साल, ओंडक्यावरची साल

"भोकं पाडणार म्हणजे घर पोखरणार का?" बाईंनी दारातच विचारलं. वय ऐंशीच्या पुढे.

"पेन्सिलीएवढी. नंतर लाकडी खुंटी ठोकून बुजवतो," म्हटलं, तेव्हा कुठे आत घेतलं.

अमेरिकेत, पूर्व टेनेसीतलं ओंडक्यांचं दोन खोल्यांचं घर. दारावर पाटी : १७९४. मूळपुरुषाने नॉर्थ कॅरोलायनातून डोंगर ओलांडून येऊन ते स्वतःच्या कुऱ्हाडीने बांधलं, असं घराण्यात सांगतात. माझं काम लाकडाचं वय काढायचं. शिकलो पुण्यात, सागवानावर. इथे गाठ ओक आणि ट्युलिप पॉप्लरशी.

दिवस गेला झाडाची साल शोधण्यात. झाडात वर्षाला एक वलय वाढतं, आणि सालीला लागून असतं ते शेवटचं. ओंडका तासून चपटा केला की बाहेरची वलयं जातात, आणि शेवटचं वलय नसेल तर झाड नक्की कधी पडलं ते सांगता येत नाही. पहिला नमुना माझ्याच घाईने तीन तुकडे होऊन निघाला. मग वळचणीखाली, गांधीलमाशीच्या रिकाम्या पोळ्यामागे, बोटभर साल दिसली. तिथे ड्रिल लावलं. पिवळट हिरवा भुसा पडला आणि लाकडाची अख्खी कांडी हातात आली.

पुढचं काम प्रयोगशाळेतलं. पॉलिश पेपरने कांडी घासायची, मायक्रोस्कोपखाली वलयं मोजायची, दुष्काळातल्या अरुंद वलयांचा क्रम त्याच भागातल्या जुन्या झाडांशी जुळवायचा. अकरा ओंडके जुळले. ज्यांना साल होती ते सगळे एकाच हिवाळ्यात तोडलेले : १८५१-५२.

हे सांगायला गेलो तो दिवस मला जड गेला. धीर द्यायला उदाहरणं नेली होती. ह्याच राज्यातलं स्वॅगर्टी ब्लॉकहाउस १७८७ची गढी म्हणून मिरवत होतं. वलयांनी ते १८६०चं ठरवलं. केंटकीत लिंकनचं जन्मघर म्हणून ग्रॅनाइट आणि संगमरवराच्या स्मारकात जपलेल्या झोपडीतला सर्वांत जुना ओंडका १८४८चा निघाला. लिंकन जन्मला १८०९ला!

बाईंनी ऐकून घेतलं. मग आतून बिस्किटांचा डबा आणला. त्यात घडीवर फाटलेली जमिनीची सनद, साल १७९४. म्हणजे घराण्याने थाप मारली नव्हती. जमिनीचं साल पुढे घराला चिकटलं. सातबारा जुना म्हणून वाडाही जुना, असं आपल्याकडेही चालतंच की.

"मग बांधलं कोणी?" त्यांनी विचारलं. मूळपुरुष तर तोवर वारलेला. त्याचा मुलगा, भाडोत्री सुतार, की गुलाम? १८५२ साली टेनेसीत गुलामगिरी कायदेशीर होती. हा शेवटचा शब्द मी उच्चारला आणि त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

निघताना त्यांनी एक कांडी मागून घेतली, नखाने चार-पाच वलयं मोजली आणि ती सनदेशेजारी डब्यात ठेवली. पाटी मात्र तशीच होती.