ब्रेकर न पाडणारी आग

तक्रार साधी होती: हीटर लावला की दिवाणखान्यातला दिवा लुकलुकतो. पण घर कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या मिसिसागा शहरातलं, १९७०च्या दशकातलं. कॅनडात साधारण १९६५ ते १९७८च्या दरम्यान बांधलेल्या पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमची वायर सापडते, कारण तेव्हा तांबं महागलं होतं.

ब्रेकर बंद केला, टेस्टर आधी चालू पॉइंटवर पारखून घेतला, मगच सॉकेट ओढलं. वायरचं इन्सुलेशन तपकिरी होऊन तुटायला आलं होतं. पूर्वी कुणीतरी नवं सॉकेट बसवताना वायर स्क्रूखाली न घेता मागच्या भोकात खुपसली होती. ती पकड तांब्यासाठी असते. ॲल्युमिनियम तापलं की जास्त फुगतं, दाबाखाली चेपत जातं, वर ऑक्साइडचा थर धरतं. जोड सैल झाला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता, आणि उष्णतेने जोड आणखी सैल. करंट मात्र तेवढाच राहतो, म्हणून ब्रेकर पडतच नाही. जळत राहतं भिंतीच्या आत.

सोबतच्या दुसऱ्या वर्षाच्या ॲप्रेंटिसने वायर चकाकत्या धातूपर्यंत मागे कापली आणि स्ट्रिपरच्या नेमक्या खाचेत सोलली. चाकू लावला तर चरा पडतो आणि वाकवताना वायर तिथेच मोडते. ॲल्युमिनियमच्या टोकांना तांब्याच्या वायरचे तुकडे जोडून ते सॉकेटला लावायला जुन्या बॉक्समध्ये जागा नव्हती, म्हणून ॲल्युमिनियमला चालणारं, सीओ/एएलआर छापाचं सॉकेट घेतलं. स्क्रूभोवती पाऊण वेढा, घड्याळाच्या दिशेने, आणि ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे नेमक्या जोराने, आवळणी. हे त्याने न सांगता केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

घरमालक पुण्याचे. त्याचा हात बघत म्हणाले, “अहो, मुलगा हुशार दिसतोय. मग या वायरिंगच्या कामात कसा?” त्यांची मुलगी नववीत. ऑन्टारिओत सप्टेंबर २०२४पासून नववीत येणाऱ्यांना नववी-दहावीत तंत्रशिक्षणाचा एक विषय सक्तीचा आहे. त्यात वर्ष वाया जाईल, ही त्यांची काळजी.

तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही, कारण तो एकट्या त्यांचा नाही. गणित जमत नाही त्याने ट्रेड, म्हणजे हाताच्या कसबाचं काम, करावा, असं शाळांतूनही सुचवलं जातं. इलेक्ट्रिशियनची ॲप्रेंटिसशिप ९,००० तासांची. त्यातले ८४० वर्गातले. तिथे प्रत्यावर्ती प्रवाहाची (एसी) सर्किटं येतात, त्रिकोणमिती लागते, आणि कच्च्या गणितावर पाठवलेली पोरं तिथेच अडकतात. मग कारागिरांचा तुटवडा आहे म्हणून सगळेच ओरडतात.

मुलगी जळकं सॉकेट हातात घेऊन उभी होती. तिने विचारलं, “करंट वाढला नाही, तर मग तापलं कसं?” ॲप्रेंटिसने सॉकेटच्या खोक्यावर आय-वर्ग-आर लिहून दाखवलं: करंटचा वर्ग गुणिले रोध म्हणजे उष्णता, करंट तोच राहिला तरी रोध वाढला की उष्णता वाढते. विज्ञानाच्या तासाला वीज हा धडा तिला याच वर्षी आहे. वडिलांना मी एवढंच म्हटलं, “हा विषय तिला घेऊ द्या, आणि गणितही सोडू देऊ नका. आमच्याकडे दोन्ही लागतं.”

घरातली उरलेली सॉकेटं पुढच्या आठवड्यात उघडायची आहेत.