'द डे आफ्टर टुमॉरो' पडताळणी, फेरी 3: गोठणारं हेलिकॉप्टर आणि 60 मिलीची सिरिंज

पहिल्या फेरीत या हॉलिवूड आपत्तीपटातली गारपीट आणि न्यू यॉर्कची लाट तपासून झाली, दुसरीत समुद्रप्रवाह. त्यांचे निकाल खाली थोडक्यात दिले आहेत. ही फेरी एकाच प्रसंगाची, कारण अख्ख्या चित्रपटाचं हवामानशास्त्र या एका खुंटीवर टांगलेलं आहे.

प्रसंग असा. ब्रिटिश हवाई दलाची हेलिकॉप्टरं स्कॉटलंडवर वादळाच्या डोळ्यात शिरतात. तापमान उणे 150 फॅरनहाइट, म्हणजे उणे 101 सेल्सिअसपर्यंत कोसळतं. इंधनाच्या नळ्या गोठतात, हेलिकॉप्टरं पडतात आणि दार उघडणारा माणूस क्षणात बर्फ होतो. कारण असं दिलंय की वरच्या थरातली अतिथंड हवा इतक्या झपाट्याने उतरते की तिला तापायला वेळच मिळत नाही. 'खाली येताना ती तापायला नको का?' हा प्रश्न पटकथेने स्वतःहून उभा केला, याचं खरंच कौतुक. बहुतेक आपत्तीपट त्या वाटेला जात नाहीत. पण उत्तर नेमकं उलटं निघालं.

उतरणारी हवा जमिनीच्या उबेने तापत नाही, ती दाबली गेल्यामुळे तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड चटका देतं, तेच इथे घडतं. दर किलोमीटरला 9.8 अंश. ती सावकाश उतरली तर थोडी उष्णता आजूबाजूला जाते. झपाट्याने उतरली तर सगळी तिच्यातच राहते. म्हणजे वेग वाढला की हवा जास्त गरम पोचते.

आकडेमोड एका ओळीची आहे: खालचं तापमान = वरचं तापमान × (1000 ÷ वरचा दाब)^0.286. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, दाब हेक्टोपास्कलमध्ये. साधारण 10 किलोमीटरवर दाब 250 आणि तापमान उणे 55 सेल्सिअस, म्हणजे 218 केल्विन. 4 चा 0.286 वा घात 1.487. गुणाकार 324 केल्विन, म्हणजे 51 सेल्सिअस. डोळ्यात शिरलेल्या वैमानिकांना विदर्भातल्या मे महिन्यापेक्षा कडक झळ लागायला हवी होती. आता उलट करून बघा. हवा उणे 101 ला पोचायची तर 250 हेक्टोपास्कलवर ती उणे 157 सेल्सिअस असली पाहिजे. त्या उंचीवर पृथ्वीवर कुठेच इतकी थंड हवा नाही. जमिनीवर मोजलेला नीचांक अंटार्क्टिकावरच्या व्होस्तोक केंद्राचा, 21 जुलै 1983 चा, उणे 89.2.

ज्यांना सूत्र नको त्यांनी वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर हवामान-बलूनच्या रोजच्या नोंदी उघडाव्यात. शेटलंडमधल्या लर्विकचा केंद्र क्रमांक 03005, सांताक्रूझचा 43003. मजकुराच्या तक्त्यात 'टीएचटीए' नावाचा रकाना असतो. त्या उंचीवरची हवा 1000 हेक्टोपास्कलपर्यंत उतरवली तर तिचं तापमान किती होईल, ते त्यात केल्विनमध्ये लिहिलेलं असतं. वरच्या थरांकडे गेलं की हा आकडा वाढतच जातो. कुठल्याही दिवसाचा, कुठल्याही ठिकाणचा बलून घ्या. चित्रपटाचा दावा खरा असता तर हा आकडा घटताना दिसला असता.

सिरिंजचा प्रयोग

वेगाने दाबलं की हवा जास्त तापते, हे घरी दाखवता येतं. सामान: 60 मिलीची सिरिंज, एमपीएक्स 5700 एपी प्रेशर सेन्सर, सेन्सर वाचणारा आर्डुइनो उनो बोर्ड, 4 मिमी आतल्या व्यासाची 40 सेंमी पीयू (पॉलियुरेथेन) नळी, दोन झिप-टाय आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची जोडी) लावायचा मोह होतो, पण तो इथे कुचकामी आहे. सिरिंजमधली हवा सेकंदाभरात निवते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या मण्याला प्रतिसाद द्यायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून दाब मोजायचा. या सेन्सरचा प्रतिसाद एका मिलिसेकंदाचा आहे. आकारमान ठरलेलं असलं की दाबावरून तापमान निघतं, म्हणजे हवेलाच थर्मामीटर करायचं.

दट्ट्या 60 वरून 30 वर न्यायचा. नेमका 30 ला थांबावा म्हणून पीव्हीसीचा तुकडा उभा चिरून दट्ट्याच्या दांडीवर अडवण म्हणून बसवायचा. नळीत 5 मिली हवा असते, ती धरायलाच हवी. प्रमाण 65 ÷ 35 = 1.857 येतं, 2 नाही. सुरुवातीचा दाब 100 किलोपास्कल आणि खोली 27 अंशांची धरली तर दोन टोकं अशी: दहा सेकंद घेऊन हळू दाबल्यास 186 किलोपास्कल, कारण उष्णता भिंतीतून निघून जाते. झटक्यात दाबल्यास शिखर 238 च्या दिशेने चढतं. 238 ÷ 186 = 1.28, म्हणजे 300 केल्विनची हवा 384 केल्विनवर, 111 सेल्सिअसला. शेवटचं आकारमान तेच, फरक फक्त वेगाचा. प्रत्यक्षात शिखर 238 च्या जरा खालीच राहतं, कारण हाताला झटका द्यायलाही सेकंदाचा काही भाग लागतो आणि तेवढ्यात भिंती उष्णता पितात.

कुठे फसतं:

सिलिकॉनची नळी वापरली तर ती दाबाने फुगते आणि शिखर बोथट होतं. पीयू नळीच घ्या, टोक गरम पाण्यात बुडवून सेन्सरवर चढवा. दट्ट्या अडखळत सरकत असेल तर रबराला ग्लिसरिनचा एक थेंब लावा, जास्त लावलंत तर ते सेन्सरपर्यंत जातं. गळती तपासायला 30 वर एक मिनिट धरून ठेवा. दाब 186 वर स्थिरावला पाहिजे, त्याखाली घसरत राहिला तर झिप-टाय आवळा. शेवटच्या टप्प्यात आठ-नऊ किलोंचा भार येतो, म्हणून सिरिंज टेबलावर उभी टेकवून दोन्ही तळव्यांनी दाबा. आर्डुइनोचा एक काउंट, म्हणजे त्याला ओळखता येणारी सर्वांत लहान पायरी, साधारण 0.76 किलोपास्कलचा, त्यामुळे दशांशांच्या मागे लागू नका. पुण्यात सुरुवातीचा दाब 100 नसून 95 किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणून सगळे आकडे सुरुवातीच्या दाबाच्या पटीत नोंदवा, नाहीतर मुंबई-पुण्याचे आलेख जुळत नाहीत.

पळवाट बंद

'वळवाच्या पावसाआधी वरून गार झोत येतोच की', हा आक्षेप रास्त आहे. तो झोत खराच वरून येतो आणि थंडही असतो, कारण त्यात पडणारे थेंब वाफ होताना हवेतली उष्णता घेतात. किलोभर हवेत एक ग्रॅम पाणी वाफ झालं की हवा सुमारे अडीच अंशांनी निवते. 51 वरून उणे 101 ला यायचं तर किलोमागे 60 ग्रॅम पाणी लागेल. उणे 20 च्या हवेत मात्र एक ग्रॅमही वाफ मावत नाही. त्यामुळे हा मार्ग फार आधीच संपतो.

या पडताळणीतली सगळ्यात मोलाची नोंद स्पिअरफिशची. साउथ डकोटातल्या या गावात 22 जानेवारी 1943 ला सकाळी तापमान दोन मिनिटांत उणे 20 वरून 7 सेल्सिअसवर गेलं. ब्लॅक हिल्सवरून उतरणाऱ्या चिनुक वाऱ्याने हे केलं. पुढे तो वारा हटला तेव्हा 27 मिनिटांत 12 वरून पुन्हा उणे 20. झटक्यात बदलणारं तापमान आणि उतरणारी हवा, दोन्ही खरी आहेत. पण दोन मिनिटांची किमया गरम होण्याची आहे. गार होण्याचं काम जमिनीलगत पसरलेल्या थंड हवेने केलं, वरून आलेल्या हवेने नाही.

तरीही उणे 101 मानलं तर

जेट ए-1 या विमान-इंधनाचा गोठणबिंदू उणे 47 सेल्सिअस, त्यामुळे इंधन घट्ट होणं चूक नाही. चूक घड्याळाची आहे. टाकीत 1000 किलो इंधन 5 अंशांना आहे असं धरा. उणे 47 पर्यंत न्यायला सुमारे 104 मेगाज्यूल काढावे लागतात. 6 चौरस मीटर पृष्ठभाग आणि जोरदार वारा धरला तर साधारण 24 किलोवॅट उष्णता जाते. वेळ लागतो सत्तर मिनिटांच्या वर. उघडी, 2 सेंमी व्यासाची, थांबलेल्या इंधनाची नळी मात्र मिनिटाभरात जाईल. इंजिन चालू असताना इंधन नळीत थांबत नाही, म्हणून तोही धोका कमी.

विमानाला खरा त्रास इंधनातल्या पाण्याचा होतो. 17 जानेवारी 2008 ला हीथ्रोला धावपट्टीच्या अलीकडे उतरलेल्या बोइंग 777 मध्ये इंधन गोठलं नव्हतं. त्यातल्या पाण्याच्या बर्फाने उष्णता-विनिमयकाचं तोंड तुंबलं होतं. पटकथेला हा धागा सापडला असता तर प्रसंग जास्त भीतिदायक आणि खरा झाला असता.

माणसाचं गणित: 70 किलोंचं शरीर पूर्ण गोठायला सुमारे 23 मेगाज्यूल काढावे लागतात. वारा कितीही असला तरी अर्ध्या तासाच्या आत ते जमत नाही. उघडी त्वचा मात्र काही सेकंदांतच हिमदंशाला लागते, तेवढं पडद्यावर पटतं.

आधीच्या फेऱ्यांचे निकाल

टोकियोची गारपीट: उत्तीर्ण. 10 सेंमीची गार ताशी 145 किलोमीटरच्या आसपास आदळते. अमेरिकेतल्या व्हिव्हियन गावात 23 जुलै 2010 ला पडलेली गार 20 सेंमीची होती. 30 एप्रिल 1888 ला मुरादाबादजवळ गारांनी 246 माणसं मारली. चित्रपटातला हा सर्वांत खरा प्रसंग.

न्यू यॉर्कची लाट: नापास. दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की समुद्र 1 सेंमी चढतो. 1979 च्या टिप वादळाचा 870 हा विक्रमी दाब धरला तरी फक्त 1.4 मीटर मिळतात, बाकीचं काम वारा आणि उथळ किनारा करतात. सँडी वादळात, 29 ऑक्टोबर 2012 ला, न्यू यॉर्कच्या 'बॅटरी' या किनाऱ्यापाशी उधाण 2.8 मीटर होतं. स्वातंत्र्यदेवतेचा नुसता चौथराच, खालचा पाया धरून, 47 मीटर उंच आहे.

अटलांटिकचा प्रवाह: दिशा बरोबर, वेळ चूक. 26.5 उत्तर अक्षांशावर 2004 पासून तो मोजला जातो, सरासरी सेकंदाला सुमारे 1 कोटी 70 लाख घनमीटर. तो मंदावेल तर उत्तर युरोप गारठेल, हे खरं. पण ग्रीनलंडच्या बर्फात नोंदले गेलेले हवामानाचे सर्वांत झपाट्याचे बदलही वर्षं-दशकांत मोजावे लागतात, दिवसांत नाही.

फेरी 4: दिल्लीतलं बर्फ

चित्रपटात संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद नवी दिल्लीत बर्फ पडत असताना भरते. अशी परिषद तिथे 2002 मध्ये खरोखर झाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तपासायचा मुद्दा असा: दिल्लीत कडाका पडतो तो निरभ्र रात्री, कोरड्या वायव्य वाऱ्यावर. पश्चिमी विक्षोभ ओलावा आणतो तेव्हा ढग पांघरूण घालतात आणि रात्र उबदार होते. थंडी आणि ओलावा एकत्र यायला नेमकं काय लागेल, यासाठी दिल्लीच्या केंद्र 42182 च्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या बलून-नोंदी साइटवरून उतरवून ठेवाव्यात. शून्य अंशाची पातळी किती मीटरवर आहे आणि त्याखालच्या हवेत किती ग्रॅम वाफ आहे, एवढे दोनच रकाने सध्या पुरे.