तुम्ही विचारलंत म्हणून: घरातली पुस्तकं ग्रंथालयाला देऊ का?

"घर आवरायला काढलंय. खोकीभर पुस्तकं निघालीत. ग्रंथालयाला देऊन टाकू का? तेवढाच आमचा हातभार." मी ग्रंथालयात काम करते हे कळलं की माणसं हटकून हे विचारतात. मी म्हणते, "आधी यादी पाठवा." की लगेच समोरच्याचा चेहरा उतरतो. फुकट देतोय, तरी यांच्या अटी! म्हणून एकदा नीट सांगते.

फुकट आलेलं पुस्तक ग्रंथालयाला फुकट पडत नाही. आधी ते पानन् पान पाहायचं, कारण कसर किंवा बुरशी लागलेलं एक खोकं आत आलं, तर शेजारची कपाटंही जातात. मग आपल्याकडे प्रत आहे का ते बघायचं, दाखल नोंदवहीत चढवायचं, वर्गांक (विषयानुसार क्रमांक) द्यायचा, पाठीवर चिठ्ठी, आत पुस्तक कधी नेलं ते नोंदवायची तारखेची चिठ्ठी, आणि शेवटी जागा शोधायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुस्तकं लाकडाच्या लगद्याच्या कागदावर निघू लागली. त्यातल्या आम्लामुळे कागद पिवळा पडतो, इतका ठिसूळ होतो की बांधणी करायला घेतली तर दोऱ्याबरोबर पानच फाटतं. आणि जुन्या औषधोपचारांचं किंवा रद्द झालेल्या कायद्याचं पुस्तक नुसतं निरुपयोगी नसतं. त्यावर विसंबणाऱ्याचं नुकसान होतं.

हे सगळं मी पाठ केल्यासारखं बोलते, ते का, तेही सांगते.

एका निवृत्त शिक्षकांच्या मागे त्यांच्या मुलीनं त्यांचा सगळा संग्रह आम्हाला दिला होता. कार्यकारिणीनं तो हौसेनं घेतला, कपाटावर सरांच्या नावाची पट्टी लावली. पुढे जागा अपुरी पडली, छाननी झाली, बरीच पुस्तकं बाद झाली. उरलेली विषयवार इतर पुस्तकांत गेली. मग एकदा त्या बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या, आजोबांचं कपाट दाखवायला. त्या जागी बालविभागाची बुटकी मांडणी होती.

मी त्यांना आत नेलं. सरांची सही ओळखून त्या एकेक पुस्तक काढत होत्या आणि शेवटचं पान उघडत होत्या. तारखेची चिठ्ठी कोरी. पुढचं पुस्तक, चिठ्ठी कोरी. "एकदाही कुणी नेलं नाही?" मी जागेबद्दल बोलले, छाननीच्या नियमांबद्दल बोलले. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग घेतलीत कशाला?"

आकाशनिरीक्षणावरचं एक पुस्तक त्यांना हवं होतं. समासात सरांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं. ते जागेवर नव्हतं; कुणीतरी वाचायला नेलं होतं. मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. त्या काही न बोलता निघून गेल्या.

छाननीचा तो निर्णय योग्य होता, असं मी आजही म्हणते. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. "देणाऱ्याचं मन मोडू नये" असं मी पूर्वी तावातावानं मांडायचे. आता मी यादी मागते आणि मन आधीच मोडते. यातलं कमी दुखावणारं कुठलं, ते मला ठरवता आलेलं नाही.

पण ते जागेवर नसलेलं पुस्तक मी विसरत नाही. भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच: पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. तुम्हाला हातभारच लावायचा असेल तर सभासद व्हा आणि पुस्तकं न्या. वेळेवर परत करा, पुन्हा न्या. हवं ते पुस्तक नसेल तर मागणी नोंदवा. निधी देणारे आधी हेच विचारतात: सभासद किती आणि पुस्तकांची देवघेव किती. तुम्ही घरबसल्या ग्रंथालयावर कितीही प्रेम केलंत, तरी त्या आकड्यात ते दिसत नाही.

आणि निधी कमी होतो तेव्हा बोला. लोकप्रतिनिधींना पत्र लिहा, अंदाजपत्रक ठरण्याआधी लिहा. सार्वजनिक ग्रंथालय ही स्थानिक आणि राष्ट्रीय शासनाची जबाबदारी आहे, असं युनेस्कोच्या 1994 च्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय. दानशूर माणसांनाही हे कळत होतं. अमेरिकेतले पोलाद-उद्योजक अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी राहिली, पण त्यांची अट असे की जागा गावानं द्यावी आणि इमारतीच्या देणगीच्या दहा टक्के इतका खर्च दरवर्षी गावानंच करावा. इमारत एकदा बांधून होते. पगार, वीज, बांधणी, नवी पुस्तकं दरवर्षी लागतात.

म्हणजे खोकी आणूच नका, असं नाही. गावातल्या बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक, शाळांची वार्षिकं, संस्थांच्या स्मरणिका, जुने नकाशे असतील तर आधी आम्हाला विचारा. हे कुठल्याच दुकानात मिळत नाही आणि माणसं नेमकं हेच आधी रद्दीत घालतात. बाकीच्यांची यादी पाठवा. काय ठेवायचं आणि किती काळ, हे ग्रंथालय ठरवेल, आणि ते मी तुम्हाला खोकं आत घेण्याआधीच सांगेन.